घरी बसून सर्व्हरची स्क्रीन: मॅनेजमेंट कार्ड वापरायला शिकताना

मे महिन्यात रात्री दीडला फोन वाजला. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना. ट्रक भरून दारात उभा, पण बिल निघेना, कारण संध्याकाळी लाईट जाऊन आल्यापासून सर्व्हर ‘दिसत’ नव्हता. जुळे सोलापुरातून गाडी काढली, शहर आडवं कापत पोचलो, धूळ झटकून मॉनिटर जोडला. स्क्रीनवर एकच ओळ: पुढे जायचं असेल तर एफ१ दाबा. दोन पॉवर सप्लायपैकी एकाची वायर सैल झाली होती. सर्व्हरला तेवढंच कळवायचं होतं, आणि कोणीतरी ‘बरं’ म्हणेपर्यंत तो आडून बसला होता. एफ१ दाबलं, विंडोज उठलं, बिल निघालं.

एक बटण दाबायला अर्धं सोलापूर पालथं घातलं म्हणून चरफडत सर्व्हरच्या मागे बघितलं, तर एक लॅन पोर्ट रिकामा. त्याचं प्लॅस्टिकचं टोपणसुद्धा निघालेलं नव्हतं. तो मॅनेजमेंट कार्डाचा, म्हणजे लांबून सर्व्हरची स्क्रीन बघू देणाऱ्या कार्डाचा पोर्ट. तिथे केबल असती तर एफ१ मी अंथरुणातून दाबलं असतं. सर्व्हर बसवून दोन वर्षं झाली होती आणि बसवणारा मीच होतो.

सोलापूर, बार्शी, पंढरपूर, अकलूज अशा ठिकाणी एकट्याच्या जिवावर चार-पाच ऑफिसांचे सर्व्हर सांभाळणारी बरीच पोरंपोरी आहेत. त्यातल्या नव्यांसाठी हे लिहितोय.

कार्ड म्हणजे डब्यातला दुसरा कॉम्प्युटर

आधी एक घोळ मिटवू. विंडोजचं ‘रिमोट डेस्कटॉप’ किंवा एनीडेस्कसारखी सॉफ्टवेअरं सर्व्हरवरच्या विंडोजच्या पोटात राहतात. विंडोज झोपलं की तीही झोपतात. मॅनेजमेंट कार्डाचं तसं नाही. तो मदरबोर्डवर बसवलेला एक वेगळा, छोटा कॉम्प्युटर असतो. त्याचा प्रोसेसर वेगळा, मेमरी वेगळी, नेटवर्कचा पत्ता वेगळा, पासवर्डही वेगळा. सर्व्हर बंद असला तरी वायर सॉकेटात असेपर्यंत स्टँडबाय विजेवर तो जागाच राहतो. सर्व्हरच्या मॉनिटरवर जे दिसायला हवं ते तो पकडतो आणि नेटवर्कवरून तुमच्याकडे पाठवतो. तुम्ही दाबलेली बटणं तो सर्व्हरला यूएसबी कीबोर्ड असल्यासारखी देतो. त्यामुळे बायोस (विंडोजच्याही आधी चालणारं मदरबोर्डचं सॉफ्टवेअर), विंडोजची निळी स्क्रीन, लिनक्सची बूट होतानाची चूक, एफ१ ची वाट बघणारी ती ओळ, सगळं दिसतं.

तांत्रिक नाव बीएमसी, म्हणजे बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर. कंपन्यांनी आपापली बारशी केली आहेत: डेलचं आयड्रॅक, एचपीईचं आयएलओ, लेनोवोचं एक्सक्लॅरिटी कंट्रोलर, सिस्कोचं सीआयएमसी. सुपरमायक्रोवाले नुसतं आयपीएमआय म्हणतात. आयपीएमआय हे खरं तर अशा कार्डांशी बोलायच्या, १९९८ साली इंटेलच्या पुढाकाराने आलेल्या मानकाचं नाव. त्याच्या जागी आता २०१५ पासूनचं रेडफिश रुजतंय. आयएलओमधलं ‘एलओ’ म्हणजे ‘लाइट्स-आउट’, पण नावावर जाऊ नका. लाईट गेली आणि यूपीएस उतरला की तेही गप्प होतं.

यापुढचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे. तुमच्यासमोर तीन कॉम्प्युटर आहेत: सर्व्हर, कार्ड आणि तुमचा लॅपटॉप. काही बिघडलं की तक्रार या तिघांपैकी कोणाची ते आधी ठरवायचं. नवखी पोरं कार्डाचं पान उघडलं नाही म्हणून सर्व्हर रीस्टार्ट करायला निघतात. तिकडे सर्व्हर बिचारा नीट चाललेला असतो, त्यावर दहा माणसं काम करत असतात.

पहिली जोडणी

हे काम सर्व्हरसमोर बसून, दिवसाउजेडी करा.

सर्व्हरच्या मागे कार्डाचा स्वतंत्र लॅन पोर्ट शोधा. एचपीईवर तसं नाव लिहिलेलं असतं, डेलवर बहुतेकदा पान्याचं चिन्ह असतं. तिथे केबल लावून ती स्विचमध्ये घाला. दिवा लागला पाहिजे. स्वतंत्र पोर्ट नसेल तर कार्ड सर्व्हरच्याच एका लॅन पोर्टातून वाट काढतं. चालतं, पण जमेल तिथे स्वतंत्र पोर्टच वापरा. कारण पुढे येईलच.

मग पत्ता. जुन्या डेलवर तो कंपनीतूनच १९२.१६८.०.१२० असा येतो, लेनोवोवर १९२.१६८.७०.१२५. एचपीई आणि सुपरमायक्रोची कार्डं राऊटरकडून पत्ता मागून घेतात. सर्व्हर चालू होताना तो स्क्रीनवर क्षणभर झळकतो, मोबाईलमध्ये फोटो काढायला तयार राहा. नाहीतर सरळ सेटअपमध्ये शिरा: डेलला एफ२, एचपीईला एफ९, लेनोवोला एफ१, सुपरमायक्रोला डिलीट. तिथे कार्डाच्या नेटवर्कचं पान असतं. त्यात पत्ता कायमचा ठरवून टाका. पत्ता, सबनेट मास्क आणि गेटवे (नेटवर्कबाहेर जायचं दार, म्हणजे राऊटरचा पत्ता), तिन्ही भरा. गेटवे बरेच जण मोकळा सोडतात, आणि तो सोडला की काय होतं ते खाली सांगतो.

सर्व्हर बंद करणं शक्यच नसेल आणि त्यावर लिनक्स असेल, तर आयपीएमआयटूल नावाच्या कमांडने चालू सर्व्हरवरूनच कार्डाचा पत्ता वाचता आणि बदलता येतो. डेलसाठी रॅकएडीएम आहे. पासवर्ड विसरला असेल तरी हाच मागचा दरवाजा.

पासवर्डचं सांगतो. जुन्या डेलवर नाव रूट आणि पासवर्ड कॅल्विन, सगळी लहान अक्षरं. जुन्या सुपरमायक्रोवर नाव आणि पासवर्ड दोन्ही अ‍ॅडमिन, सगळी मोठी अक्षरं; २०२० पासून ते प्रत्येक बोर्डाला वेगळा पासवर्ड छापून देतात. एचपीईचा पासवर्ड सर्व्हरच्या बाहेर ओढता येणाऱ्या पट्टीवर असतो. लेनोवोवर मोठ्या अक्षरांत ‘पासवर्ड’, फक्त ओ अक्षराच्या जागी शून्य. हे सगळं जगाला माहीत आहे, म्हणून पहिल्या लॉगिनलाच बदला. आयपीएमआयमध्ये पासवर्ड २० अक्षरांपर्यंतच चालतो. त्याहून लांब ठेवलात आणि आत शिरता येईना झालं तर आधी इथे संशय घ्या.

आता लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये एचटीटीपीएस लावून तो पत्ता टाका. ‘हे सुरक्षित नाही’ अशी ओरड होईल, कारण कार्डाने प्रमाणपत्र स्वतःच स्वतःला दिलेलं असतं. आपल्याच ऑफिसच्या नेटवर्कमध्ये, पत्ता नीट तपासून, पुढे जायला हरकत नाही. आत डेलवर ‘व्हर्च्युअल कन्सोल’, इतर ठिकाणी ‘रिमोट कन्सोल’ किंवा ‘रिमोट कंट्रोल’ असं काहीतरी दिसेल. पर्याय विचारला तर एचटीएमएल५ निवडा. नवीन खिडकी उघडते आणि तिच्यात सर्व्हरची स्क्रीन.

इथे परवान्याची मेख आहे. डेलवर कन्सोलसाठी साधारणपणे एंटरप्राइझ परवाना लागतो. साध्या परवान्यात तापमान, पंखे वगैरे दिसतं, स्क्रीन नाही. एचपीईच्या साध्या परवान्यात स्क्रीन दिसते, पण ऑपरेटिंग सिस्टम सुरू होईपर्यंतच. ‘बायोस दिसतं, विंडोज आलं की कन्सोल तुटतो’ या तक्रारीवर मी एकदा पूर्ण दुपार घालवली आहे. केबल बदलली, स्विच बदलला, शेवटी परवान्याचं पान उघडलं. सर्व्हर घेतानाच कोटेशनमध्ये हा परवाना लिहून घ्या. मालक सर्व्हरचे पैसे एकदा देतात. महिन्याने ‘अजून एक परवाना लागतो’ म्हणालात तर शेंगाची चटणी जास्त तिखट झाल्यासारखं तोंड करतात.

घरून पोचायचं कसं

राऊटरवर पोर्ट उघडून कार्ड थेट इंटरनेटवर आणायचं नाही. हा मोह प्रत्येकाला होतो, कारण पाच मिनिटांचं काम आहे. आयएलओ ४ मध्ये २०१७ साली एक भोक सापडलं: एका विनंतीत इंग्रजी ए हे अक्षर २९ वेळा पाठवलं की पासवर्डशिवाय आत. २.५३ फर्मवेअरमध्ये (फर्मवेअर म्हणजे कार्डाच्या आतलं सॉफ्टवेअर) ते बुजवलं, पण फर्मवेअर न बदललेली कार्डं उघड्यावर राहिलीच. आयपीएमआय २.० ची तर मूळ रचनाच अशी की लॉगिन पूर्ण होण्याआधीच कार्ड पासवर्डचा हॅश, म्हणजे पासवर्डपासून बनवलेला ठसा, समोरच्याला देऊन बसतं. तो घरी नेऊन सावकाश फोडत बसायचं. नेटवर्कवरून आयपीएमआय वापरत नसाल तर सेटिंगमध्ये ते बंदच करा, ब्राउझरचा कन्सोल त्यावाचून चालतो. आणि ज्याच्या हाती कार्ड त्याच्या हाती सर्व्हरचं पॉवर बटण, हे लक्षात असू द्या.

मग रस्ता व्हीपीएनचा, म्हणजे इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कात शिरायच्या बंदिस्त बोगद्याचा. वायरगार्ड, ओपनव्हीपीएन, जे तुमच्या राऊटरला जमतं ते. फक्त व्हीपीएन त्याच सर्व्हरवर किंवा त्यातल्या एखाद्या व्हर्च्युअल मशीनवर (सॉफ्टवेअरने उभा केलेला कॉम्प्युटर) ठेवू नका. सर्व्हर अडकला की व्हीपीएनही अडकणार, म्हणजे किल्ली आत ठेवून दार ओढून घेतल्यातली गत. ते राऊटरवर किंवा फायरवॉलवर हवं. राऊटर, स्विच आणि इंटरनेटचा डबा यूपीएसवर आहेत का, हेही एकदा वायर हाताने धरून बघा. मी एका ठिकाणी बघितलं तेव्हा सर्व्हर यूपीएसवर होता आणि स्विच भिंतीतल्या साध्या सॉकेटवर, झाडूवाल्या मावशी जिथे मोबाईल चार्जिंगला लावतात तिथे.

पानच उघडत नाही

आता बिघाड. सगळ्यात जास्त फोन याचेच येतात.

पहिली तपासणी सोपी: ऑफिसमध्ये बसलेल्या कोणालातरी तोच पत्ता उघडायला सांगा. तिथे उघडतो आणि व्हीपीएनवरून उघडत नाही, तर नव्वद टक्के वेळा कार्डाच्या सेटिंगमधला गेटवे चुकलेला किंवा मोकळा असतो. तुमची हाक कार्डापर्यंत पोचते, पण उत्तर कुठल्या दाराने पाठवायचं ते त्याला ठाऊक नसतं. राऊटर बदलला, नव्या राऊटरचा पत्ता वेगळा निघाला, सगळे कॉम्प्युटर आपोआप सावरले आणि हाताने पत्ता भरलेलं कार्ड तेवढं मागे राहिलं, असं हमखास होतं.

ऑफिसमधूनही उघडत नसेल तर कार्डाच्या पोर्टाचा दिवा बघायला सांगा. आमच्या रात्रीच्या वॉचमन मामांशी हे बोलणं आता पाठ झालंय.

“मामा, डब्याच्या मागं डावीकडची निळी वायर. दिवा हाय का?”

“हाय की सर. लुकलुकतोय.”

“मग वायर नका काढू. तशीच राहू द्या.”

लुकलुकणारा दिवा म्हणजे केबल आणि स्विच ठीक, भानगड पत्त्यात किंवा कार्डात. दिवाच नाही म्हणजे केबल, स्विच किंवा वीज. डब्याच्या मागची एक जरी पॉवरची वायर जिवंत असेल तर कार्ड जागं असायलाच हवं.

स्वतंत्र पोर्टाचा आग्रह का, ते आता. सुपरमायक्रोच्या कार्डात ‘फेलओव्हर’ नावाची एक सोय आहे: कार्ड सुरू होताना स्वतंत्र पोर्टात केबल दिसली नाही की ते सर्व्हरच्या पहिल्या लॅन पोर्टावर जाऊन बसतं. लाईट आली, सर्व्हर आणि स्विच एकदम सुरू झाले, स्विचला उठायला थोडा वेळ लागला, तेवढ्यात कार्डाने ठरवून टाकलं की केबल नाही. मग तुम्ही स्वतंत्र पोर्टावर हाका मारत बसता आणि ते शेजारच्या खोलीत. आपल्याकडे लाईट जा-ये करते, त्यामुळे हे वर्षातून एक-दोनदा तरी भेटतं. सेटिंगमध्ये ‘डेडिकेटेड’ ठरवून टाकलं की प्रश्न मिटतो.

आणि घाई नको. वीज आल्यावर कार्डाला स्वतःला उठायला दोन-तीन मिनिटं लागू शकतात.

पान उघडतं, पण...

लॉगिन होत नाही: पासवर्ड पाच-सहादा चुकला की बरीच कार्डं काही मिनिटं दार लावून घेतात. चहा घेऊन या. ‘सत्रांची संख्या संपली’ असा निरोप असेल तर मागच्या वेळी कोणीतरी, बहुधा तुम्हीच, लॉगआउट न करता खिडकी बंद केली आहे. काही वेळाने ती सत्रं आपोआप मरतात. थांबायला वेळ नसेल तर एसएसएचवरून, म्हणजे कमांड टाईप करून लॉगिन करायच्या वाटेने, मारता येतात.

पान उघडतं पण ब्राउझर ‘सुरक्षित जोडणी जमत नाही’ म्हणून हटून बसतो, पुढे जाण्याचं बटणही देत नाही: हे जुन्या कार्डाचं लक्षण. ते टीएलएस १.० (सुरक्षित जोडणीची जुनी पद्धत) बोलतं आणि ब्राउझरांनी ती भाषा २०२० च्या सुमारास सोडली. तक्रार लॅपटॉपची आहे, कार्ड जसं होतं तसंच आहे.

आणि मग जावा. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांनी काढून टाकलेले सर्व्हर स्वस्तात आपल्याकडे येतात. मशीन दणकट असतं, पण कार्ड जुनं, आणि त्याचा कन्सोल जावावर चालतो. क्रोमने जावाचं प्लगइन सप्टेंबर २०१५ मध्ये काढलं, फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये, आणि २०१८ च्या जावा ११ मधून वेब स्टार्टच गेलं. म्हणून कन्सोलचं बटण दाबलं की एक जेएनएलपी फाईल (जावाचा कन्सोल सुरू करणारी) उतरते आणि पुढे काहीच होत नाही.

मी काय करतो ते सांगतो. लॅपटॉपवर एक व्हर्च्युअल मशीन फक्त याच कामाला ठेवलंय. त्यात जावा ८ आणि जुना ब्राउझर. त्यातून इंटरनेटवर कधीच जायचं नाही, फक्त कार्डाकडे. जावाच्या कंट्रोल पॅनलमध्ये सिक्युरिटीच्या पानावर अपवादांची यादी असते, तिथे कार्डाचा पूर्ण पत्ता टाकायचा. तरीही ‘सही अमान्य’ म्हणाला तर जावाच्या फोल्डरमध्ये जावा.सिक्युरिटी नावाची फाईल आहे. बंद केलेल्या पद्धतींच्या ओळींमधून जुनी टीएलएस आणि एमडी५ (सही तपासायची जुनी पद्धत) काढावी लागतात. हे फक्त त्या व्हर्च्युअल मशीनमध्ये करायचं, रोजच्या लॅपटॉपवर नाही. नवं जावा ठेवूनच भागवायचं असेल तर ओपनवेबस्टार्ट आहे.

जेएनएलपी फाईलच्या दोन खोड्या. आयड्रॅक ६ वर तिच्या नावाच्या शेवटी कार्डाचा पत्ता आणि आकडे चिकटून येतात, त्यामुळे विंडोजला ती फाईल कशाची तेच कळत नाही. शेपूट काढून नाव बदललं की उघडते. आणि ती उतरवून ‘उद्यासाठी’ जपून ठेवू नका. तिच्यात त्या वेळच्या सत्राची तात्पुरती किल्ली असते. प्रत्येक वेळी ताजी घ्यायची, भाकरीसारखी. कडक भाकरी महिनाभर टिकते, ही नाही टिकत.

लॉगिन झालं, कन्सोलची खिडकी उघडली, पण ‘जोडतोय जोडतोय’ करून मेली: पॉपअप अडवलाय का बघा, नाहीतर पोर्ट. हा पोर्ट केबलचा नव्हे, नेटवर्कवरच्या दाराचा आकडा. पान ४४३ वरून येतं, पण कन्सोलला काही कार्डं वेगळा पोर्ट वापरतात. डेल आणि सुपरमायक्रोच्या बऱ्याच कार्डांत तो ५९००, आयएलओच्या जुन्या कन्सोलला १७९९०, आणि आयएलओवर आयएसओ (डीव्हीडीची फाईल) जोडायला १७९८८. व्हीपीएनच्या फायरवॉलमध्ये फक्त ४४३ सोडला असेल तर हेच होणार.

स्क्रीन काळी, माऊस वेडा

कन्सोल जोडला गेला पण सगळं काळं. आधी त्या खिडकीत क्लिक करून शिफ्ट दाबा. निम्म्या वेळा सर्व्हरने स्क्रीन नुसती झोपवलेली असते. मग सर्व्हर चालू तरी आहे का ते कार्डाच्या पानावर बघा. हसू नका, मी बंद सर्व्हरच्या काळ्या स्क्रीनकडे दहा मिनिटं बघत बसलोय.

सर्व्हर चालू, बायोस दिसतं, पण लिनक्स सुरू होताना काळं होतं: बूटच्या ओळीत ‘नोमोडसेट’ हा शब्द जोडून बघा, ग्राफिक्सचा ड्रायव्हर आवाक्याबाहेरचं रिझोल्यूशन धरत असतो. सर्व्हरमध्ये कोणी वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलंय का, हेही विचारा. मॅनेजमेंट कार्डाला फक्त मदरबोर्डवरच्या व्हिडिओ चिपची स्क्रीन दिसते. चित्र दुसऱ्या कार्डातून जात असेल तर इकडे काहीच येणार नाही. बायोसमध्ये मदरबोर्डची चिप पहिली ठेवावी लागते. एका डिझाइनवाल्यांकडे, चादरींची नक्षी तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी त्यांनी परस्पर ग्राफिक्स कार्ड टाकलं आणि माझा कन्सोल आंधळा झाला. त्यांना वाटलं, दोन गोष्टींचा काय संबंध.

माऊसचे दोन बाण दिसतात आणि एक दुसऱ्याच्या मागे धावतो, तर कन्सोलच्या सेटिंगमध्ये माऊस ‘अ‍ॅब्सोल्यूट’ करा. जुन्या लिनक्सवर उलट ‘रिलेटिव्ह’ लागतो. नाहीच जुळलं तर माऊस सोडा, टॅब आणि बाणांच्या बटणांवर काम उरका.

कंट्रोल-ऑल्ट-डिलीट स्वतःच्या कीबोर्डवर दाबलंत तर ते तुमचाच लॅपटॉप खातो. कन्सोलच्या मेनूत त्याचं वेगळं बटण असतं. नेट मंद असेल तर एक अक्षर दाबलं की चार उमटतात, आणि पासवर्डच्या चौकटीत तेवढे ठिपके कोण मोजणार. आधी यूझरनेमच्या चौकटीत पासवर्ड टाईप करून डोळ्यांनी तपासा आणि पुसून टाका, शेजारी कोणी नसेल तर. एकदम सगळंच मोठ्या अक्षरांत यायला लागलं किंवा बटणं भलतंच करू लागली, तर शिफ्ट नाहीतर कंट्रोल ‘दाबलेलं’ राहिलंय. दोन्ही बाजूंची शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट एकेकदा दाबून सोडा.

घरून आयएसओ जोडताना

व्हर्च्युअल मीडिया म्हणजे तुमच्या लॅपटॉपवरची आयएसओ फाईल सर्व्हरला डीव्हीडी म्हणून दाखवणं. फार कामाची सोय, पण गणित आधी करा. ५ जीबीची आयएसओ, घरच्या जोडणीचा अपलोड १० एमबीपीएस: कागदावरच एक तासाच्या वर. मध्ये नेट एकदा अडखळलं की इन्स्टॉलेशन आडवं. म्हणून आयएसओ आधीच ऑफिसमधल्या एखाद्या कॉम्प्युटरवर किंवा नॅसवर (नेटवर्कवरचा फाईली ठेवायचा डबा) टाकून ठेवा आणि कार्डाला तिथून उचलायला सांगा. बऱ्याच कार्डांना नेटवर्कवरचं शेअर्ड फोल्डर किंवा वेब पत्ता चालतो, काहींत त्याला वरचा परवाना लागतो. नाहीतर ऑफिसमधल्या एका विंडोज मशीनवर रिमोट डेस्कटॉपने जा आणि कन्सोल तिथून उघडा. मी हेच करतो. काम झालं की आयएसओ काढायला विसरू नका. पुढच्या रीस्टार्टला सर्व्हर इन्स्टॉलेशनच्या स्क्रीनवर जाऊन बसला आणि सकाळी सगळ्यांचं काम थांबलं, हेही माझ्याच हातून झालंय.

पॉवरची बटणं

कार्डाच्या पानावरचं हे सगळ्यात धोक्याचं पान. ‘मोमेंटरी प्रेस’ किंवा ‘ग्रेसफुल शटडाउन’ म्हणजे बटण हळूच एकदा दाबणं. विंडोज सावकाश आवरून बंद होतं. ‘प्रेस अँड होल्ड’ म्हणजे बटण दाबून धरणं, वीज तोडल्यासारखंच. ‘रीसेट’ आणि ‘पॉवर सायकल’सुद्धा कोणाला विचारत नाहीत. टॅलीत कोणीतरी व्हाउचर टाकत असताना हे दाबलं तर डेटा दुरुस्त करत बसायची पाळी तुमचीच. आधी हळू, दहा मिनिटं वाट, मग जोरात. आणि दाबायच्या आधी पानाच्या डोक्यावरचं सर्व्हरचं नाव वाचा. दोन टॅबमध्ये दोन कारखान्यांची कार्डं उघडी असतील तर दोनदा वाचा.

याच ठिकाणी किंवा बायोसमध्ये ‘वीज परत आल्यावर काय करायचं’ अशी सेटिंग असते. ‘आधी होता तसा’ ठेवा. नाहीतर लाईट येते, कार्ड उठतं आणि सर्व्हर बंदच राहतो.

कार्डच अडकलं तर

पान अर्धवट उघडतं, सेन्सरांच्या जागी रेघा दिसतात, कन्सोल रोज तुटतो: वर्षानुवर्षं न थांबता चाललेलं कार्डही कधी कधी गोंधळतं. त्याला एकट्याला रीस्टार्ट करता येतं आणि त्याने सर्व्हरला धक्का लागत नाही. पानावर तसं बटण असतं. पान उघडत नसेल तर आयपीएमआयटूलमध्ये ‘एमसी रीसेट कोल्ड’, डेलच्या रॅकएडीएममध्ये ‘रॅकरीसेट’. तेही जमलं नाही तर समोर असलेल्या माणसाला सांगा: डेलवर पुढचं आय लिहिलेलं बटण १६ सेकंदांहून जास्त धरून ठेवायचं, नव्या एचपीईवर निळ्या दिव्याचं यूआयडी बटण ५ ते ९ सेकंद. शेजारी पॉवरचं बटण असतं, म्हणून आधी फोटो मागवा, त्यावर गोल करून परत पाठवा, आणि मगच दाबायला सांगा. शेवटचा उपाय म्हणजे सर्व्हर नीट बंद करून दोन्ही पॉवरच्या वायरी काढणं आणि मिनिटभर थांबणं. हा रविवारी दुपारी करायचा.

नोंदवही वाचा

कन्सोलच्या नादात कार्डाचं हे पान कोणी उघडत नाही. त्यात प्रत्येक घटना लिहिलेली असते: वीज गेली, पंखा थांबला, मेमरीत चूक, झाकण उघडलं. वेळ मात्र नीट वाचा. बऱ्याच कार्डांचं घड्याळ युटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर असतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. रात्री २:१० ला झालेली गोष्ट आदल्या दिवशीच्या २०:४० ला लिहिलेली सापडते, आणि संध्याकाळच्या पाळीवाल्यांवर उगाच आळ येतो. टाईम झोन आणि एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवायची सोय) भरून टाका. नोंद १९७० सालातली दिसली तर घाबरू नका; रीस्टार्टनंतर कार्डाला वेळ मिळेपर्यंतचा तो गोंधळ.

तापमानाचा इशारा ईमेलवर लावा, सोलापुरात तर आधी तोच. साधारण सर्व्हर ३५ अंशांपर्यंतच्या हवेत चालतात. आपल्या मे महिन्याचा पारा चाळिशी कधीच ओलांडतो. लाईट जाऊन आली की सर्व्हर यूपीएसमुळे चालूच असतो, पण खोलीतला एसी रिमोटने पुन्हा लावावा लागतो, आणि रिमोट मॅनेजरच्या ड्रॉवरमध्ये कुलपात. कार्डाचा इनलेट सेन्सर, म्हणजे आत येणाऱ्या हवेचं तापमान, ३० वर गेला की मला मेल येतो. तेवढ्या वेळात मामांना फोन करता येतो.

त्या टॉवेलवाल्यांच्या सर्व्हररूममध्ये आता दाराच्या आतल्या बाजूला एक कागद आहे: कोणती वायर कार्डाची, कोणती पॉवरची, आय बटण कुठलं, माझा नंबर. पासवर्ड त्यावर नाही. एसीचा रिमोट त्याच कागदाशेजारी खिळ्याला दोरीने बांधलाय, आणि ती दोरी माझी नाही, मामांनी लूमवरनं आणली.